वाढत्या अंगाचं बालपण

मार्च २०२४मध्ये स्वीडनमधल्या औषधदुकानांच्या एका मोठ्या साखळीने एक नियम केला. ‘अपोटेक यार्टाट’ हे तिचं नाव. पंधरा वर्षांखालचं गिऱ्हाईक सुरकुत्या रोखणारं क्रीम किंवा त्वचा सोलणारं आम्ल असलेली बाटली घेऊन काउंटरवर आलं, तर पालकांची संमती किंवा त्वचेचा तसा काही आजार असल्याखेरीज ती द्यायची नाही. दारू-सिगारेटला वयाची अट असते, हे सगळ्या जगाला पाठ आहे. सुरकुत्यांच्या क्रीमला अशी अट घालावी लागली, म्हणजे सुरकुत्या पडायला अजून पंचवीस-तीस वर्षं अवकाश असलेल्या मुली ते मागत होत्या, आणि एकदोन नव्हे, धोरण ठरवावं लागेल इतक्या.

हे लोण आदल्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेत उठलं होतं. ‘सेफोरा’ या प्रसाधनांच्या दुकानांत नऊ ते बारा वर्षांच्या मुलींची झुंबड उडू लागली. टिकटॉकवर ‘माझ्यासोबत तयार व्हा’ छापाचे व्हिडिओ बघून त्या यायच्या आणि नेमक्या नावानिशी बाटल्या मागायच्या. सर्वांत लाडका ब्रँड होता ‘ड्रंक एलिफंट’. भडक रंगांची झाकणं, दाबलं की नेमका थेंब काढणारे पंप, आणि वेगवेगळी क्रीमं तळहातावर मिसळून लावायची मुभा. खेळण्यात असायला हवं ते सगळं त्यात होतं. हे खेळणं शिसेइदो या जपानी कंपनीने २०१९मध्ये ८४.५ कोटी डॉलरला विकत घेतलं होतं. ओरड वाढल्यावर ब्रँडच्या संस्थापिकेने डिसेंबर २०२३मध्ये खुलासा केला : आम्लं आणि रेटिनॉल असलेली उत्पादनं मुलांनी टाळावीत. बाकीची मात्र चालतील, हेही त्याच दमात सांगून झालं.

रेटिनॉल मुलांनी का टाळावं, याचं कारण साधं आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी सतत झडतात आणि खालून नव्या येतात. वयाबरोबर हा वेग मंदावतो, म्हणून चाळिशीनंतर चेहरा निस्तेज दिसू लागतो. रेटिनॉल हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रसायन हा वेग वाढवतं. ग्लायकॉलिकसारखी आम्लं मेलेल्या पेशींचा थर सैल करतात. दहा वर्षांच्या मुलीच्या त्वचेत ही उलाढाल आधीच जोरात चालू असते. तिथे हे औषध ओतलं की लाली, आग, खाज, पुरळ, उन्हाने पटकन भाजणं, आणि एखाद्या घटकाची ॲलर्जी कायमची मागे लागणं, एवढंच पदरात पडतं. चेहरा अधिक तरुण दिसावा म्हणून ते वापरावं, तर त्याहून तरुण चेहरा असायचा तरी कुठला?

त्या मुलीला सुरकुत्यांची चिंता नव्हतीच. तिला हवी होती चौदा वर्षांच्या मुलीच्या टेबलावरची बाटली.

मुलांना माल विकणाऱ्या धंद्याचा एक जुना ठोकताळा आहे : मूल आपल्या वयाच्या मुलाकडे बघत नाही, ते दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलाकडे बघतं. म्हणून सहा वर्षांच्या मुलासाठी बनवलेल्या खेळण्याच्या खोक्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो असतो. अमेरिकेत १९४४मध्ये ‘सेव्हन्टीन’ नावाचं मासिक निघालं, आणि नाव सतराचं असलं तरी वाचणाऱ्या मुली बहुतेक त्याहून लहान असायच्या. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला सतराव्या वर्षाचं कसलं अप्रूप?

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत होती. बाह्या मनगटाखाली लोंबायच्या, चड्डी गुडघा गाठायची, आणि पोराचं पहिलं वर्ष त्या कपड्यात पोहण्यात जायचं. बाजार मुलाला असंच वाढत्या अंगाचं वय घ्यायला लावतो. फरक इतकाच, की गणवेश आईने काटकसरीपोटी घेतलेला असायचा आणि मुलाला तो मुळीच आवडायचा नाही. हे वय मुलाला फार आवडतं.

वयाचे इतके बारीक तुकडे मुळात पडले ते दुकानातल्या फळ्यांवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांत मुलांचे कपडे असे एका जागी नसायचे. मोजे मोज्यांच्या विभागात, टोप्या टोप्यांच्या. मग तान्ह्या मुलांसाठी वेगळा विभाग असावा, तिथे आईला सगळं एकत्र मिळावं, अशी कल्पना निघाली. १९१७मध्ये जॉर्ज अर्नशॉ यांनी याच व्यापाराला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. १९३०च्या दशकात तान्हं बाळ आणि शाळकरी मूल यांच्यामधल्या दुडदुडत्या पोरांचा स्वतंत्र माप-गट पडला. चाळीस-पन्नासच्या दशकांत किशोरवयाच्या अलीकडच्या मुलींचा गट आला. ऐंशीच्या दशकात आठ ते बारा या वयाला ‘ट्वीन’ हे नाव मिळालं. डॅनियल टॉमस कुक या समाजशास्त्रज्ञाने कपड्यांच्या व्यापारातली जुनी नियतकालिकं चाळून हा इतिहास मांडला आहे. त्यात कुठे कटकारस्थान सापडत नाही. गिऱ्हाइकाची सोय आणि मालाचा उठाव, एवढाच सगळ्यांचा हेतू. पण एकदा फळीवर ‘सात ते दहा’ अशी पाटी लागली, की अकराव्या वर्षी त्या फळीसमोर उभं राहणं लाजिरवाणं होतं, आणि नवव्या वर्षीच पुढच्या फळीवर हात मारता आला तर तो पराक्रम ठरतो.

या पराक्रमाचा सर्वांत मोठा कारखाना म्हणजे बार्बी.

रूथ हँडलर आणि त्यांचे पती एलियट यांची मॅटेल ही खेळण्यांची कंपनी. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना बाळं न करता मोठ्या बायका करते, त्यांना नोकरीला आणि पार्टीला पाठवते, हे रूथच्या लक्षात आलं होतं. बाजारात मात्र मुलींसाठी बहुतेक बाळबाहुल्याच होत्या. १९५६मध्ये स्वित्झर्लंडच्या सहलीत त्यांना ‘लिली’ दिसली. ही पश्चिम जर्मनीतल्या ‘बिल्ड’ या दैनिकातल्या व्यंगचित्रातली नखरेल बाई. तिची बाहुली तंबाखूच्या दुकानांत, बारमध्ये पुरुषांना गंमत म्हणून विकली जायची. रूथनी ती अमेरिकेत आणली. तिचा मेकअप थोडा सौम्य केला आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत बार्बी म्हणून उभी केली. किंमत तीन डॉलर. कपडे वेगळे, आणि खरी कमाई कपड्यांत.

दुकानदार साशंक होते : छाती असलेली बाहुली कोणती आई विकत घेईल? मॅटेलनेही हाच प्रश्न आधीच एका माणसाला पैसे देऊन विचारून ठेवला होता. अर्नेस्ट डिख्टर हे त्याचं नाव. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेला हा मानसशास्त्रज्ञ ग्राहकाच्या मनातलं ओळखण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याने मुलींशी आणि आयांशी बोलून पाहिलं. मुलींना बाहुली बेहद्द आवडली, आयांना ती अजिबात आवडली नाही. एका आईचं मत मात्र तिथल्या तिथे पालटलं. तिची मुलगी म्हणाली, ही बाहुली किती नीटनेटकी आहे! डिख्टरला धागा सापडला. आईला सांगायचं, की या बाहुलीमुळे तुमची गबाळी पोर टापटीप राहायला शिकेल, चारचौघांत शोभून दिसेल. पहिल्या वर्षी सुमारे साडेतीन लाख बार्बी खपल्या.

मुलांना लवकर मोठं करणाऱ्या जवळपास प्रत्येक वस्तूमागे हीच जोडगोळी असते, म्हणून डिख्टरचा हा शोध मला बाहुलीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मुलाला एक इयत्ता पुढचं व्हायचं असतं, आणि पालकाला आपलं मूल मागे पडेल ही धास्ती असते. मुलाला इच्छा विकायची, पालकाला धास्ती. पहिली नुसतीच असेल तर हट्ट होतो, आणि हट्टाला धपाटा हे उत्तर पूर्वापार उपलब्ध आहे. दुसरी तिला येऊन मिळाली की खरेदी होते.

बार्बीत दोष काढणाऱ्यांना रूथ हँडलर यांची एक बाजूही मान्य करावी लागेल. मुलींना मोठेपणा खेळायचा असतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आपल्या मुली भातुकलीत दुसरं काय करत होत्या? पितळेची चूल, लाकडी पोळपाट, लग्न लागलेले बाहुला-बाहुली, रुसलेली विहीण. सगळं मोठ्यांचंच. पण त्या खेळात मोठेपण कसं असतं हे ठरवणारी मुलगीच असायची, आणि पाहिलेलं मोठेपण तिच्या घरातलं होतं. शिवाय बोळकी एकदा घेतली की आत्येबहिणीपासून भाचीपर्यंत पुरायची. त्यांची यंदाची फॅशन आणि गेल्या वर्षीची फॅशन असा भेद नव्हता. बार्बीचं कपाट कधीच भरत नाही, त्याची रचनाच तशी आहे.

पुढे या बाहुलीचं जे झालं, त्यात वयाची घसरण स्पष्ट दिसते. सुरुवातीला तिच्याशी खेळणाऱ्या मुली नऊ-दहा, अगदी बारा वर्षांच्याही असत. शतक संपेपर्यंत ती साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलींची झाली. बाहुली तीच. पण धाकटीच्या हातात आलेली वस्तू थोरलीला नकोशी होते. सहा वर्षांच्या बहिणीने बार्बी मागितली की नऊ वर्षांची आपली बार्बी माळ्यावर टाकते आणि आणखी ‘मोठं’ काही शोधते. २००१मध्ये एमजीए कंपनीने त्या थोरलीसाठी ‘ब्रॅट्झ’ आणल्या. मोठे डोळे, सुजरे ओठ, आखूड घागरे, जाळीचे मोजे. त्यांनी बार्बीचा बाजार इतका खाल्ला की दोन्ही कंपन्या दशकभर कोर्टात भांडत राहिल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मुलींच्या लैंगिकीकरणावर २००७मध्ये जो अहवाल काढला, त्यात या बाहुल्यांच्या पेहरावाचा उल्लेख आहे. आणि मग ब्रॅट्झही घसरतच धाकटीकडे आल्या.

मार्केटिंगवाले याला ‘मुलं हल्ली लवकर मोठी होतात’ असं म्हणतात, जणू यंदा पाऊस लवकर आला. वस्तू नेहमी गिऱ्हाइकाच्या दोन वर्षं पुढची बनवायची, ती धाकट्यांनी उचलली की थोरल्यांसाठी आणखी पुढची बनवायची, हा क्रम चालू असताना वय खाली सरकेल नाही तर काय होईल? गंमत अशी, की पळवून लावलेलं गिऱ्हाईक खेळण्यांच्या धंद्याला आता जाणवू लागलं आहे. म्हणून तो तिशी-चाळिशीतल्या माणसांना ठोकळे आणि बाहुल्या विकतो. दहाव्या वर्षी सुटलेलं खेळणं पस्तिसाव्या वर्षी, चौपट किमतीला.

हे सगळं आईबापांना वळसा घालून मुलांपर्यंत पोहोचवलं टीव्हीने. त्यातही पहिला मोठा डाव मॅटेलचाच. तोवर खेळण्यांच्या जाहिराती नाताळच्या सुमारास आणि बहुतेक पालकांसाठी असत. १९५५मध्ये हँडलर दांपत्याने ‘मिकी माउस क्लब’ या मुलांच्या नव्या कार्यक्रमात वर्षभर जाहिराती करायला पाच लाख डॉलर मोजले. तेव्हा कंपनीची सगळी मालमत्ताच जेमतेम तेवढी होती. डाव जिंकला, आणि खेळण्याचा विक्रेता बारा महिने मुलाशी थेट बोलू लागला.

लहान मूल या विक्रेत्यापुढे किती निःशस्त्र असतं, यावर पुढे बरंच संशोधन झालं. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला कार्यक्रम कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली हेच नीट कळत नाही. त्यानंतर फरक कळतो, पण समोरचा माणूस आपल्याला काही विकायला बसला आहे, तो आपल्या फायद्याचं तेवढंच सांगणार, ही समज सात-आठ वर्षांच्या आत येत नाही. २००४मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने याच आधारावर आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध हवेत, असं म्हटलं. आता तर जाहिरातीसाठी कार्यक्रम थांबतही नाही. व्हिडिओतली आवडती ताई आपल्या खोलीत बसून गप्पा मारता मारता बाटली उघडते. मोठ्यांनाही ओळखू येणार नाही अशी ही जाहिरात आठ वर्षांच्या मुलीने ओळखावी, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

अमेरिकेने यावर एकदा गंभीर प्रयत्न केला होता. १९७८मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, मायकेल पर्टशुक अध्यक्ष असताना, अगदी लहान मुलांसाठीच्या टीव्ही जाहिराती पूर्ण बंद कराव्यात असा प्रस्ताव मांडला. खेळणी, गोळ्या-चॉकलेटं, नाश्त्याच्या गोड लाह्या, जाहिरात संस्था, वाहिन्या सगळे एकवटले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखात कमिशनची ‘राष्ट्रीय दाई’ म्हणून टर उडवली. ज्या वर्तमानपत्राने निक्सन यांना घरी पाठवलं, त्याच वर्तमानपत्राने! १९८०मध्ये संसदेने कमिशनचे या बाबतीतले पंखच छाटले. मध्यंतरी निधी अडल्यामुळे कमिशनला काही काळ दार बंद करावं लागलं होतं. १९८४मध्ये दूरसंचार आयोगानेही मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधनं काढून टाकली. त्या सुमारास जी कार्टून आली ती मुळात खेळण्यांसाठी लिहिलेली होती : आधी बाहुला, मग त्याची गोष्ट. ‘ही-मॅन’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं, आणि बाहुला पुन्हा मॅटेलचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर त्याच्यासाठी खेळ सोडून घरी पळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना, आणि त्यांच्या पालकांनाही, आपण अर्धा तास जाहिरात बघतो आहोत हे कुठे माहीत होतं?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८०पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करण्यावर बंदी घातली. खेळण्यांच्या एका कंपनीने ती न्यायालयात नेली, पण १९८९मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी टिकवली. स्वीडनने १९९१मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या टीव्ही जाहिराती बंद केल्या. तेव्हाच एक वाहिनी लंडनहून प्रक्षेपण करून स्वीडिश मुलांना जाहिराती दाखवत राहिली. आज तर फोन कुठल्या देशातून काय दाखवतो, ते कोण बघतं? टीव्हीवरचे इतके कडक नियम असलेल्या याच देशात औषधवाल्याला क्रीमसाठी स्वतःचा नियम करावा लागला.

इथे आपल्याकडचा एखादा वाचक म्हणेल, मूल लवकर मोठं होणं आम्हाला काय नवीन? खरंच नाही. आपल्या पणज्यांचं बालपण बोहल्यावर संपत होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्या मुंबईच्या उच्च न्यायालयात ठाम उभ्या राहिल्या, १८८७मध्ये तुरुंगात जायची तयारी दाखवली, आणि सगळा महाराष्ट्र ढवळून निघाला. १८९१चा संमतिवयाचा कायदा वयाची मर्यादा दहावरून बारावर नेत होता, आणि तेवढ्यासाठीही टिळक आणि आगरकर दोन विरुद्ध बाजूंना उभे राहिले. मुलांचं बालपण शेतात, मागावर, दुसऱ्याच्या घरी भांडी घासण्यात संपत होतं. आजही अनेकांचं संपतं. ‘हरवलेल्या बालपणा’चे गळे काढताना हे विसरलं, तर तो फक्त मध्यमवर्गाचा उमाळा ठरतो.

पण त्या मोठेपणात आणि या मोठेपणात एक मोठं अंतर आहे. तेव्हा मुलाच्या अंगावर मोठ्यांची कामं पडत आणि मोठ्यांची मोकळीक मिळत नसे. आज मोठ्यांचं दिसणं, खर्च करणं, आवडीनिवडी मिरवणं हे आठव्या वर्षी मिळतं. स्वतःच्या हाताने करायचं, निस्तरायचं, एकट्याने बाजारात जाऊन यायचं हे मात्र पंधराव्या वर्षीही मिळत नाही. तिसरीतली मुलगी सीरमची नावं सांगते, आणि तिला रस्ता ओलांडू द्यायची आपली हिंमत होत नाही. बाजाराला या मोठेपणातला फक्त गिऱ्हाईक होण्याचा भाग हवा असतो.

महाराष्ट्रात हे दोन वाटांनी आलं. एक वाट मंचावरची. आपल्याला बालकलावंतांचं कौतुक पूर्वीपासून आहे. ‘बालगंधर्व’ आणि ‘कुमार गंधर्व’ ही नावंच मुळी लहानपणीच्या गाण्याला मिळालेली दाद. २००८-०९मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मधली मुलं अभंग आणि नाट्यगीतं गाऊ लागली, तेव्हा घराघरांत सोमवार-मंगळवारची वाट पाहिली जायची, आणि त्यांचं गाणं खरोखर चांगलं होतं. लहान मुलाने मोठ्यांचं गाणं म्हणण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते गाण्याला शर्यतीचा साचा बसतो तेव्हा. गाणं झालं की ‘बाहेर’ कोण जाणार, रडू कॅमेऱ्यात आलं का, गावाने एसएमएस किती केले. त्या प्रत्येक एसएमएसला पैसे पडत, ही त्या साच्यातली साधी बाब. नाचाच्या कार्यक्रमांत मामला आणखी पुढे गेला. जून २०१९मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला सगळ्या वाहिन्यांना सांगावं लागलं, की मुलांना सिनेमातल्या मोठ्यांच्या सूचक हालचाली करायला लावू नका.

कायदा या मुलांकडे कसं पाहतो, ते वाचण्यासारखं आहे. बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, पण घरच्या धंद्यातल्या मदतीबरोबर सिनेमा, मालिका आणि जाहिरातींतल्या बालकलाकारांना तीतून वगळलं. २०१७च्या नियमांत त्यांच्यासाठी अटी आल्या : दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. म्हणजे ही कला आहे आणि हे कामही आहे, दोन्ही कायद्याला मान्य. उरलेल्या ऐंशी टक्क्यांबद्दल कायदा काही बोलत नाही. आणि स्वयंपाकघरात आईनेच मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओचे तास कोण मोजणार? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने जुलै २०२४पासून अशा व्हिडिओंच्या कमाईतला वाटा मुलासाठी बाजूला ठेवणं बंधनकारक केलं आहे.

दुसरी वाट अभ्यासाची आहे, आणि मराठी घराला ती जास्त जवळची. मुलीच्या ओठांवरची लाली पुसायला लावणारे आईबाप या वाटेवर स्वतःहून पाकीट उघडतात. २०२० साली, शाळा बंद असताना, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना घरबसल्या कोडिंग शिकवणाऱ्या ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’च्या जाहिरातींनी धुमाकूळ घातला. एका जाहिरातीत चिंटूने ॲप बनवलं म्हणून गुंतवणूकदार त्याच्या घरासमोर हातघाईवर आलेले. दुसरीत वुल्फ गुप्ता नावाच्या मुलाला गूगलमध्ये कोटींच्या पगाराची नोकरी. त्याचं वय एका जाहिरातीत एक, दुसरीत वेगळं, आणि पगारही तसाच बदलता. ऑगस्टमध्ये ‘बायजूज’ने ही कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली. ऑक्टोबरमध्ये जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. टीका करणाऱ्या दोघांवर कंपनीने कोट्यवधींचे मानहानीचे दावे ठोकले आणि २०२१मध्ये ते काढूनही घेतले.

कोडिंग शिकणं काही वाईट नाही, एखाद्या मुलाला त्यात खरंच रस असतो. पण त्या जाहिरातीत विकली जात होती ती पंचविशीतल्या माणसाची नोकरी, सात वर्षांच्या मुलाच्या मापात. वर आईसाठी डिख्टरचंच वाक्य, फक्त ‘टापटीप’च्या जागी ‘लॉजिक’. चौथीच्या स्कॉलरशिपच्या रांगेत स्वतः उभी राहिलेली पिढी या वाक्याला बळी पडली नसती, तरच नवल. त्याच रांगेत पुढे सहावीपासून आयआयटीचं ‘फाउंडेशन’ आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासांनी प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. क्लासांचे फलक अजून तरी ती वाचलेले दिसत नाहीत.

जाहिरातींसाठी आपल्याकडे जून २०२२पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मुलांपुरती ती कागदावर चांगली आहेत. मुलाच्या अननुभवाचा फायदा घेऊ नये, त्याला स्वतःच्या शरीराची लाज वाटेल असं दाखवू नये, पुराव्याशिवाय बुद्धी किंवा ताकद वाढते म्हणू नये. पण ती जाहिरातीला लागतात. ताईच्या खोलीतली गप्प बाटली त्यांच्या कचाट्यात सापडायला फार वेळ लागतो.

म्हणून आता भिस्त वयाच्या दाखल्यावर आली आहे. बहुतेक ॲपवर तेरा वर्षांची अट दिसते ती अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यामुळे. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांना विचारल्याशिवाय गोळा करायची नाही, असं तो सांगतो. कंपन्यांनी त्यावर सोपा उपाय काढला : जन्मसाल विचारायचं आणि मिळेल ते उत्तर खरं मानायचं. आपल्या घरातल्या कुठल्याही अकरा वर्षांच्या मुलाला विचारा, तो त्या रकान्यात किती सालचा आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायलाच मनाई केली आणि वय पडताळायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. त्यासाठी चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधण्याचं तंत्रही वापरात आलं आहे.

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याने मर्यादा थेट अठरावर नेली. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि संमतीची तरतूद टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे. कंपन्या मात्र थांबलेल्या नाहीत. लहान मुलांच्या ॲपच्या हल्लीच्या जाहिराती नीट पाहिल्या, तर त्या मुलांशी बोलतच नाहीत. कार्टून नाही, गाणं नाही. एक शांत आवाज आईला सांगतो, की मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होते, बाकीची मुलं केव्हाच सुरू झाली आहेत, आणि पहिला आठवडा मोफत आहे.